नवी तबकडी, जुनी अक्षरे

संगणकातील एखादा सुटा भाग निकामी व्हावा आणि तो बदलावा लागावा, ही काही निबंधास विषय पुरवणारी घटना नव्हे, असे वाचकांपैकी बहुतेकांस वाटेल. वकिलाच्या घरात कज्जांच्या कागदांची बोचकी, जुनी कायद्याची पुस्तके आणि ओसरीवर बसलेले पक्षकार यांच्या जोडीला आता संगणकही आला आहे; तो बिघडतो, दुरुस्त होतो आणि विसरला जातो. परंतु २०२५ च्या आषाढात आमच्या बेळगुंदीच्या घरी जो प्रकार घडला, त्यातून एका जुन्या हिशेबातील एका अक्षराचा प्रश्न उभा राहिला, आणि त्या अक्षरावर एका घराण्याचा मान अवलंबून होता. म्हणून हा लेखनप्रपंच.

बेळगुंदी हे बेळगावच्या पश्चिमेचे, चंदगडच्या डोंगरांकडे तोंड करून बसलेले गाव. तांबडी माती, काजू, रताळी आणि पाऊस ही आमची ओळख. राकसकोपचे धरण भरत आले की शहराला हायसे वाटते. आम्हांकडे मात्र त्या दिवसांत भिंतींना ओल आणि विजेला चंचलता येते. दिवा जातो, येतो, पुन्हा जातो. अशाच एका संध्याकाळी माझ्या संगणकातून थांबत थांबत टक् टक् असा आवाज येऊ लागला आणि एक साधे वकीलपत्र उघडावयास पाच मिनिटे लागली. माझा भाचा पुण्यास संगणकशास्त्र शिकतो. तो सुट्टीवर आला होता. त्याने यंत्रास कान लावला, पडद्यावर काही आकडे काढून पाहिले आणि वैद्याच्या गांभीर्याने सांगितले, "मामा, हार्ड डिस्क जाणार. आज नाही तर आठवड्यात."

हार्ड डिस्क म्हणजे आरशासारख्या लखलखीत तबकड्यांची पेटी. या तबकड्या मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० वेळा फिरतात आणि लिहिणारे-वाचणारे टोक त्यांच्यावरून, त्यांना न शिवता, इतक्या कमी अंतरावरून तरंगत जाते की माणसाचा केस त्या अंतराच्या हजारो पट जाड ठरावा. हे टोक घासले, चाक थकले, की अक्षरे बुडू लागतात. तबकडी स्वतःच्या प्रकृतीची नोंदवही स्वतःच ठेवते, हे मला त्या दिवशी प्रथम समजले. त्या नोंदवहीत निकामी झालेल्या जागांचा आकडा वाढत चाललेला होता.

जगातील पहिली अशी तबकडी आय.बी.एम. या कंपनीने १९५६ च्या सप्टेंबरात जाहीर केली. चोवीस इंच व्यासाच्या ५० तबकड्या एकावर एक रचलेल्या, कपाटाएवढे धूड, आणि त्यात मावणारी अक्षरे अवघी पन्नास लाख. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून निघून म्हैसूर राज्यात गेला. चंदगड तालुका तेवढा कोल्हापुराकडे राहिला. या दोन घटनांचा परस्परांशी काहीएक संबंध नाही, हे मी वकील या नात्याने आधीच कबूल करून टाकतो. तथापि त्या दोन्ही आज माझ्याच टेबलावर येऊन बसलेल्या आहेत. एकीमुळे आमच्या सरकारी कागदाची भाषा बदलली. दुसरीमुळे कागदच उरला नाही. पलीकडच्या गावात शेतकरी सातबारा मागतो, अलीकडच्या गावात पहाणी. आणि दोघांचीही जमीन तीच तांबडी.

असो. नवी तबकडी घ्यावयाची हे ठरलेच होते. प्रश्न असा होता की जुन्या तबकडीवरचे सर्व काही नव्या तबकडीवर जसेच्या तसे उतरवून घ्यावे, की कार्यप्रणाली, जिला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात ती, कोऱ्या जागेवर नव्याने घालावी आणि मागाहून फक्त आपले कागद आत आणावे. माझ्या हाताखालच्या तरुण वकिलाचे मत पहिल्या बाजूस होते. "साहेब, जसंच्या तसं घेऊ. उद्या दाव्याची तारीख आहे, आणि प्रत्येक वस्तू जिथल्या तिथं पाहिजे." भाच्याचे मत नेमके उलट. त्याने माझ्या संगणकाची वंशावळच माझ्यापुढे मांडली. २०११ साली घातलेली विंडोज ७. तिच्यावर २०१६ साली चढवलेली विंडोज १०. २०१९ साली यंत्र बदलले तेव्हा तीच कार्यप्रणाली नव्या यंत्रात उचलून ठेवलेली. मधल्या काळात चार छपाईयंत्रे आली आणि गेली, पण त्यांचे चालक-कार्यक्रम आत अजून पहारा देत बसलेले. शिवाय विंडोज १० ची नेहमीची देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपणार असल्याचे आधीच जाहीर झालेले होते. मग जी इमारत तीन महिन्यांनी सोडावयाची, तिचे सामान तरी नव्या जागेत कशासाठी रचावे?

मालमत्तेच्या कायद्याची ज्यांना ओळख आहे त्यांस हा वाद परका वाटणार नाही. वारसाने आलेली जमीन तिच्यावरील बोज्यासह येते. इतर हक्कांच्या रकान्यात कोणा आजोबांनी सोसायटीकडून काढलेले कर्ज, कुणाचा वाटेचा हक्क, कुणाची कुळवहिवाट, हे सारे नातवाच्या नावापाठोपाठ चालत येते. तबकडीची हुबेहूब नक्कल म्हणजे असा वारसा. नव्याने घातलेली कार्यप्रणाली म्हणजे बोजाविरहित खरेदी. मी खरेदीच्या बाजूने निकाल दिला.

हे ठरल्यावर आमच्या देवस्थानच्या जुन्या कार्यकारिणीतील एक वृद्ध सदस्य सहज घरी आले होते, त्यांनी विचारले, "इन्स्टॉलेशन म्हणजे शेवटी प्रतिष्ठापनाच ना?" शब्दार्थाने त्यांचे म्हणणे खरे आहे. जीर्णोद्धाराच्या वेळी भंगलेल्या मूर्तीतील देवत्व मंत्रांनी कलशात आणावयाचे, तो कलश जपावयाचा, जुनी मूर्ती जलाशयात विसर्जित करावयाची आणि नव्या मूर्तीत त्या कलशातील देवत्वाची स्थापना करावयाची, हा विधी आमच्या वाचकांपैकी पुष्कळांनी पाहिला असेल. त्यात जुन्या मूर्तीचे तडे कोणी नव्या मूर्तीवर कोरून घेत नाही. मी त्यांस एवढेच म्हटले की आमच्या या विधीत मंत्र कमी आणि स्क्रू जास्त आहेत. ते हसले, परंतु कलशात काय काय घ्यावयाचे, हा त्यांचा पुढचा प्रश्न होता, आणि सगळा पुढचा घोटाळा त्याच प्रश्नात दडलेला होता.

भाच्याची रीत मला आवडली. त्याने प्रथम नव्याला हात लावला नाही. मरणाऱ्या तबकडीची सेवा आधी केली. माझ्या कागदांच्या प्रती बाहेरच्या एका पेटीत दर शनिवारी ठेवलेल्या असतातच. तरीही त्याने लिनक्सचा एक पेनड्राइव्ह लावून, जुन्या तबकडीवर एक अक्षरही न लिहिता, तिची संपूर्ण प्रतिमा दुसऱ्या पेटीत उतरवून घेतली. ज्या जागा वाचता येत नव्हत्या त्या प्रथम सोडून द्यावयाच्या, चांगल्या जागा आधी वाचावयाच्या, आणि मग रेंगाळत पुन्हा त्या वाईट जागांकडे यावयाचे, असे त्या कार्यक्रमाचे धोरण होते. साक्षीदाराची उलटतपासणी याहून वेगळी नसते. हे काम रात्रभर चालले. मग त्याने जुनी तबकडी यंत्रातून काढून बाजूलाच ठेवली, म्हणजे नवी कार्यप्रणाली चुकूनही तिच्यावर पाय ठेवणार नाही. नवी तबकडी बसविली. तिला तबकडी म्हणावयाचे ते केवळ परंपरेने. तिच्यात फिरणारे काहीच नाही, आवाजही नाही. पेनड्राइव्हवर विंडोज ११ उतरवून घेतलेली होती. तीसाठी लागणारी सुरक्षेची चकती आणि पुरेसा नवा प्रोसेसर माझ्या यंत्रात निघाला. परवान्याविषयी मला धास्ती होती, पण परवाना मुख्य पट्टाशी, म्हणजे मदरबोर्डशी, बांधलेला असतो. तबकडी बदलल्याने तो बुडत नाही. कूळ बदलले तरी सातबाऱ्यावरचा मालक तोच, असे मी माझ्यापुरते समजून घेतले.

सुरुवातीस यंत्राने भाषा विचारली. प्रश्न इंग्रजीत, उत्तरही इंग्रजीत. परंतु तारखा आणि चलन कोणत्या रीतीने लिहावे अशी पुढची यादी होती. तीत मराठी होती आणि कोंकणीही होती. या नियतकालिकाच्या वाचकांस हे सांगावेसे वाटले. १९९२ साली घटनेच्या आठव्या परिशिष्टात जागा मिळविण्यासाठी जिला एवढे झगडावे लागले, जी देवनागरी, रोमी आणि कानडी अशा निरनिराळ्या लिप्यांत घरोघर लिहिली जाते, ती भाषा कोणा परदेशी कारखान्याच्या यादीत निमूटपणे बसलेली पाहून मला बरे वाटले. यादीत नाव असणे म्हणजे सगळे काही नव्हे, हे आम्हा सीमेवरच्यांस कोणी शिकवावयास नको. पण नाव नसणे म्हणजे काय तेही आम्हांस ठाऊक आहे.

पाऊण तासात सर्व झाले. पडदा कोरा, स्वच्छ, काहीसा परका. माझे कागद आत आले. न्यायालयात इलेक्ट्रॉनिक दाखलीसाठी लागणाऱ्या सहीच्या चावीचा कार्यक्रम, छापण्याचे यंत्र, कायद्याच्या निकालांचा संग्रह, हे एकेक करून बसले. अलीकडच्या दहा-पंधरा वर्षांतील माझी मराठी युनिकोडमध्ये आहे. ती नीट उघडली. केवळ तिचे रूप जरा निराळे दिसले, कारण प्रा. र. कृ. जोशी यांनी घडविलेला मंगल हा टंक पूर्वीप्रमाणे आपोआप येत नाही, तो देवनागरीच्या पुरवणीतून मागून घ्यावा लागतो. तो मागवला, आणि लेख पुन्हा ओळखीचे झाले.

मग अप्पांचा कप्पा उघडला.

आमचे वडील प्राथमिक शाळेतून निवृत्त झाले तेव्हा त्यांनी दोन गोष्टी करावयाच्या ठरविल्या: संगणक शिकावयाचा आणि पंचक्रोशीतले मोडी कागद वाचून बाळबोधीत उतरवावयाचे. २००१ पासून २००९ पर्यंत ते हे काम करीत होते. भिंगाखाली मोडी वही, शेजारी कळफलक, आणि एका बोटाने चाललेले टंकलेखन. एका देवस्थानच्या उत्सवखर्चाच्या वह्या, मानपानाच्या याद्या, दोन घराण्यांचे पत्रव्यवहार, असा सुमारे चारशे पानांचा मजकूर त्यांनी तयार केला. २०१६ साली ते गेले. त्यातल्या उत्सवखर्चाच्या मूळ वह्या ज्या घरी होत्या, त्या घराची भिंत २०१९ च्या ऑगस्टातील अतिवृष्टीत बसली आणि वह्यांचा चिखल झाला. म्हणजे अप्पांची प्रत हाच आता एकमेव साक्षीदार.

तो साक्षीदार उघडला, आणि तो भलत्याच भाषेत बोलू लागला. पडद्यावर उलटी प्रश्नचिन्हे, पौंडाची चिन्हे, टोप्या घातलेली युरोपीय स्वरे, मधूनच एखादा आकडा. पानेच्या पाने अशी. माझा तरुण सहकारी माझ्याकडे ज्या नजरेने पाहत होता तीत 'मी सांगत होतो' हे वाक्य स्पष्ट वाचता येत होते.

याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. आमच्याकडील कित्येक देवस्थाने, छापखाने आणि शाळा यांच्या कपाटांत हेच दुखणे झोपलेले आहे. संगणक अक्षर साठवीत नाही, आकडा साठवितो. कोणत्या आकड्यास कोणते अक्षर, हा करार असावा लागतो. देवनागरीपुरता असा करार भारत सरकारच्या मानक संस्थेने १९९१ साली इस्की या नावाने केला, आणि त्याच वर्षी युनिकोड या जागतिक करारातही देवनागरीस जागा मिळाली. पुण्याच्या सी-डॅकसारख्या संस्था हे काम करीत होत्या. पण हे करार सामान्य संगणकावर रुजावयास पुष्कळ काळ गेला. आणि मध्यंतरी लोकांस तर लिहावयाचे होते, लग्नपत्रिका छापावयाच्या होत्या, जाहिराती द्यावयाच्या होत्या. तेव्हा एक युक्ती निघाली. इंग्रजी व युरोपीय अक्षरांचे जे आकडे होते तेच घ्यावयाचे, आणि टंकाच्या आत त्या आकड्यांसमोर देवनागरीचे तुकडे काढून ठेवावयाचे: एका ठिकाणी काना, एका ठिकाणी वेलांटी, एका ठिकाणी अर्धा क. आकडा इंग्रजीचा, मुखवटा मराठीचा. प्रत्येक कारखान्याचा मुखवटा वेगळा. जोवर तो टंक यंत्रात आहे तोवर मजकूर मराठी. टंक गेला की मुखवटा गळून पडतो. अप्पांची अक्षरे अशा एका टंकाच्या खुंटीवर टांगलेली होती. तो टंक त्यांच्या कागदांच्या कप्प्यात नव्हता, कार्यप्रणालीच्या कोठारात होता. आणि कोठार आम्ही नव्याने बांधले होते.

येथे माझ्या सहकाऱ्याच्या नजरेस उत्तर दिले पाहिजे. तबकडी जशीच्या तशी उतरवून घेतली असती तर टंकही नकळत आला असता, फायली उघडल्या असत्या, आणि त्या कशाच्या आधाराने उघडतात हे आणखी दहा वर्षे कोणाच्या लक्षात आले नसते. २०१९ साली नेमके तसेच झाले होते. दहा वर्षांनी त्या टंकाचे नाव सांगणारा माणूस तरी राहिला असता की नाही कोण जाणे. आज निदान कोठाराची प्रतिमा हाताशी होती. भाच्याने ती उघडली, टंकांच्या यादीतून तो जुना टंक शोधला, नव्या यंत्रात ठेवला, आणि क्षणार्धात अप्पांची पाने जशी होती तशी उभी राहिली. मी काही वेळ ती नुसती पाहत बसलो. ओळीच्या शेवटी स्वल्पविरामाआधी एक मोकळी जागा सोडण्याची त्यांची सवय, तीही तशीच.

त्याच कोठारात कानडीचे टंकही निघाले. बेळगावच्या वकिलास दोन्ही भाषांचे कागद ठेवावे लागतात. नुडी आणि बरह हे कानडी लेखनाचे कार्यक्रम आमच्याकडे घरोघर चालले. त्यांच्या जुन्या फायलींची गत आमच्या मराठीसारखीच, इंग्रजी आकड्यांवर कानडी मुखवटा. सीमेच्या दोन्ही बाजूंच्या भाषांना एकच आजार झालेला पाहून मनात एक विनोदी समाधान उमटून गेले, हे लपवीत नाही.

आता टंक मिळाला होता, तरी कायमचा इलाज एकच: मजकूर युनिकोडात आणणे. त्यासाठी रूपांतराचे कार्यक्रम मिळतात. त्यांपैकी एकाने चारशे पाने अर्ध्या मिनिटात पालटून दिली. वरवर पाहता सारे उत्तम. ऱ्हस्व वेलांटी जुन्या टंकात व्यंजनाच्या आधी टंकलेली असते, युनिकोडात ती नंतर यावी लागते. तेवढी उलटापालट त्याने बरोबर केली होती. मी छापून घेतले आणि उत्सवखर्चाची पाने आमच्या त्या वृद्ध सदस्यांस वाचावयास दिली, कारण देवस्थानला उत्सवाच्या जुन्या रिवाजांची एक पुस्तिका काढावयाची होती.

चार दिवसांनी ते प्रसन्न मुद्रेने आले. एक नोंद त्यांस फार आवडली होती. उत्सवाच्या शेवटच्या दिवशी 'आचार्यास तांदूळ चार पायली, नारळ दोन आणि पंगतीत पहिले पान' अशी ती नोंद. "बघा," ते म्हणाले, "केवढा आचार्यांचा मान! पुस्तिकेच्या पहिल्या पानावर घालू."

मला ती नोंद लहानपणापासून ठाऊक होती. पण अशी नव्हे. अप्पा ती वाचून दाखवीत ती 'आचाऱ्यास' अशी. उत्सवाचा स्वयंपाक करणारा आचारी, तीन दिवस चुलीपुढे उभा राहिलेला. शेवटच्या दिवशी त्याचे पान सगळ्यांच्या आधी मांडावयाचे, असा रिवाज. मराठीत 'र' चे हे दोन अवतार आहेत. एक रफार, डोक्यावर बसणारा. दुसरा चंद्रकोरीसारखा, पुढच्या अक्षरास बिलगून येणारा. दर्या आणि दऱ्या, आचार्यास आणि आचाऱ्यास. हिंदीस ही दुसरी चंद्रकोर लागत नाही, म्हणून पुष्कळ कार्यक्रमांस ती माहीतच नसते. युनिकोडाने तिच्यासाठी ऱ हे अक्षर ०९३१ या क्रमांकावर राखून ठेवलेले आहे. पण रूपांतराचा तक्ता करणाऱ्याने दोन्ही तुकडे एकाच रफारात जमा केले होते. त्या एका ओळीमुळे चुलीपुढचा माणूस उठला आणि त्याच्या पानावर आचार्य येऊन बसले. विशेष हे की चुकीचा पाठ खऱ्याहून अधिक शोभत होता. खोटा दस्तऐवज ओळखताना आम्ही वकील खाडाखोड शोधतो. येथे खाडाखोड नव्हतीच.

सदस्यांस हे सहजी पटले नाही. "वकील, एका टिंबारेघेने काय होतं? आणि तुमच्या वडिलांचाच हात चुकला नसेल कशावरून?" प्रश्न रास्त होता आणि मूळ वही तर चिखलात गेलेली. तेव्हा मी त्यांस जुन्या टंकातील फाईल पडद्यावर दाखविली. आचारी हा शब्द निरनिराळ्या विभक्तींत चौदा ठिकाणी आलेला, चौदाही ठिकाणी चंद्रकोर. आणि त्याच वहीत दुसऱ्या एका वर्षी आलेल्या एका पाहुण्या स्वामींचा उल्लेख 'आचार्यांस' असा, तेथे स्पष्ट रफार. एकाच हाताने, एकाच मजकुरात, दोन शब्द वेगळे राखलेले. शिवाय आचाऱ्याच्या नोंदीस लागूनच सरपण, कढया आणि पाणक्यांची मजुरी. एवढा पुरावा दिवाणी दाव्यास पुरतो. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, "मग पहिल्या पानावर आचारीच घालू." हा त्यांचा मोठेपणा, मी त्यात काही केले नाही.

आचाऱ्यांचे ते घर आजही गावात आहे. मुले शहरात लग्नकार्यांच्या स्वयंपाकाची कामे घेतात. त्या घरच्या आजींस मी ही नोंद वाचून दाखवली, तेव्हा त्यांनी पदर सावरून एवढेच विचारले, "वकीलसाहेब, पानाचं लिवलंय न्हवं? तांदळाचं ऱ्हाऊ दे."

भाच्याने तक्ता दुरुस्त केला. दोन ओळींचे काम होते. मजकूर पुन्हा पालटला, आणि मी तो जुन्या फाईलशी ओळीने ओळ ताडून पाहिला. त्यात संपूर्ण श्रावण गेला. आता माझ्यापाशी चार वस्तू एकत्र ठेवलेल्या आहेत: अप्पांची अस्पर्शित फाईल, तो टंक, रूपांतराचा दुरुस्त तक्ता आणि युनिकोडातील प्रत. प्रत्येकीचा शा-२५६ या रीतीने काढलेला ६४ चिन्हांचा ठसा कागदावर लिहून खाली तारीख घातली आहे. फाईलमधील एक स्वल्पविराम जरी कोणी हलवला तरी हा ठसा पार बदलतो. हा वकिली सोस नव्हे. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम अंमलात आहे. त्याच्या ६३ व्या कलमाखाली इलेक्ट्रॉनिक नोंद हजर करताना जे प्रमाणपत्र द्यावे लागते, त्याच्या नमुन्यातच हा ठसा लिहावयाची जागा आहे. त्याआधीच्या कायद्यातही प्रमाणपत्र लागत असेच. जालना मतदारसंघाच्या निवडणुकीवरून उद्भवलेल्या अर्जुन पंडितराव खोतकर यांच्या अपिलात सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली ते आवश्यक असल्याचे निक्षून सांगितले. कोणी कधी न्यायालयात जाईलच असे नाही. पण मानपानाचे तंटे कसे पिढ्यान् पिढ्या चालतात हे आजरा-चंदगडापासून गोमंतकापर्यंत रवळनाथाच्या भक्तांस मी नव्याने सांगावयास नको.

राहिली जुनी तबकडी. ती फेकून देता येत नाही. पुसली म्हणून फाईल पुसली जात नाही; केवळ अनुक्रमणिकेतील तिचे नाव जाते, पान तसेच राहते. तीत माझ्या पक्षकारांची गुपिते होती, आणि ती उघड न करण्याचे बंधन वकिलावर अधिनियमाच्या १३२ व्या कलमाने घातलेले आहे. तिच्यावर नव्याने काही लिहून जुने झाकावे, तर निकामी जागांपर्यंत लिहिणारे टोक पोचेना. शेवटी भाच्याने तारकेच्या आकाराचे स्क्रू काढून पेटी उघडली. आतली तबकडी इतकी निर्मळ होती की तीत आमची तोंडे दिसत होती. गावातल्या सुताराकडून ड्रिल आणून तिला पाच भोके पाडली, आणि मग ती शहरातल्या इलेक्ट्रॉनिक कचरा घेणाऱ्याकडे गेली.

काम मात्र संपलेले नाही. कानडीच्या फायली अजून पालटावयाच्या आहेत. आणि अप्पांच्या कप्प्यातील दोन फायली अद्याप मुक्या आहेत. त्यांचा टंक जुन्या कोठारात निघाला नाही; त्या बहुधा २००३ च्या सुमारास बेळगावातल्या एखाद्या टंकलेखनाच्या दुकानात बसून केलेल्या असाव्यात, कारण आमचा संगणक त्या उन्हाळ्यात बंद होता. एकीचे नाव 'पालखी' असे आहे आणि दुसरीचे 'पालखी-२'. त्या काळी अशी दुकाने चालविणाऱ्यांपैकी कोणी हे वाचीत असल्यास, आणि त्यांच्या माळ्यावर जुन्या मराठी टंकांच्या चकत्या अजून पडून असल्यास, त्या टाकून देण्यापूर्वी संपादकांकडे दोन ओळी लिहून कळवाव्यात.